पुसून दिलेला धोटा

त्या गिरणीत आवाज नव्हता. मला पहिल्या दिवशी न सोसलेली गोष्ट तेवढी एकच.

बाकी सगळं ओळखीचं होतं. तांबड्या विटांच्या भिंती, डोक्याच्या वर सुरू होणाऱ्या उंच खिडक्या, तेल पिऊन पिऊन काळी झालेली लाकडी जमीन. जमिनीखालून नदी जाते. पूर्वी तिच्याच पाण्यावर गिरणीचं चाक फिरायचं. मी खिडकीखालच्या बाकावर बसलो की डोळे आपोआप मिटायचे आणि कानात आमचं खातं सुरू व्हायचं. आधी लांबचा एक माग, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग. सोलापूरची गिरणी येऊन अमेरिकेतल्या गिरणीत बसायची. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगायची, ती मला कापसाच्या तुसासारखी दिसायची. डोळे उघडले की पुन्हा सगळं गप्प. बाहेर झाडांत किडे दुपारभर किरकिरत असायचे, पण त्याला काही गिरणीचा आवाज म्हणत नाहीत.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. बायको गेल्यावर मुलानं मला अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाला आपल्या घरी नेलं. मी नको म्हणत होतो, आणि ते अजूनही म्हणतो. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत. सून नागपूरची, शिकलेली इंजिनियर, पण तिच्या व्हिसावर पगाराचं काम करायची मुभा नव्हती. घरात बसून तिचा जीव कातावून गेला होता. म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी ती तासभर गाडी चालवून एका जुन्या गिरणीच्या गावात जायची. गिरणी कधीच बंद पडलेली, तिचं म्युझियम केलेलं. तिथे ती आल्यागेल्याला माहिती सांगायची, तीही फुकट.

"फुकट राबायला इंजिनियर झालीस का गं?" मी म्हणालो. "आमच्या युनियननं तुला एक दिवस असं राबू दिलं नसतं."

"मग सांगा ना तुमच्या युनियनला, सूनबाईचं वर्क परमिट करून द्या म्हणावं," ती म्हणाली. "तोवर तुम्ही पण चला, बाबा. घरी बसून टीव्हीला शिव्या देता, त्यापेक्षा तिथे येऊन द्या."

असा मी गेलो, आणि मग जातच राहिलो.

माझं शिक्षण चौथी. पण गिरणी मला वाचता येते, मग ती कुठल्याही देशातली असो. सून इंग्रजी पाट्या वाचून सांगायची आणि पुढचं मी तिला सांगायचो. त्यांच्या यादवी युद्धानंतर, एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा, कुणा धनाढ्यानं इथे नदी बघून गिरणी बांधली. रेल्वे आली, कापूस तर दारातच पिकत होता. मालकानं नुसती गिरणी नाही बांधली, गाव बांधलं. घरं त्याची, दुकान त्याचं, चर्च त्याचं, आणि सकाळी सगळ्यांना उठवणारी घंटाही त्याचीच. शेतं सोडून आलेली गोरी गरीब माणसं बायकापोरांसकट खात्यात उभी राहिली. सून हे सांगताना आवाज बारीक करायची. मी म्हणायचो, "यात नवं काय? आमच्याकडे घंटेच्या जागी भोंगा होता."

पण जिन्याजवळच्या भिंतीवर एक फोटो होता, त्याच्यासमोर मी गप्प व्हायचो. खूप जुना, कडेनं पिवळा पडलेला. गिरणीच्या दारात, पायऱ्यांवर, संपावरचे कामगार उभे. पुरुषांनी हाताच्या घड्या घातलेल्या, बायकांनी हनुवट्या वर केलेल्या. सगळे सरळ कॅमेऱ्यात बघतायत, जणू मालकच समोर उभा आहे. मी गेलो की आधी त्यांना राम राम करायचो. मे दिनाच्या सभांत आम्ही ऐकत आलो होतो की आठ तासांच्या कामासाठी पहिलं रक्त सांडलं ते या देशात, शिकागोला. गंमत अशी, की हे लोक मे दिन पाळत नाहीत. त्यांचा कामगार दिन सप्टेंबरात. ते असो. फोटोतली ती माणसं माझी होती. त्यांच्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं, पण ते मी कधी वाचून घेतलं नाही. संपाच्या फोटोत वाचायचं काय असतं?

मी स्वतः चौतीस वर्षं मागावर उभा होतो. आमच्या खात्याचा युनियनचा प्रतिनिधी. मोठ्या संपात पोलिसांची लाठी खांद्यावर घेतली, तो खांदा अजून पुरता वर जात नाही. सुनेला हे सगळं तोंडपाठ. येणाऱ्या प्रत्येक गोऱ्याला ती माझ्यापुढे आणून उभं करायची आणि इंग्रजीत काही सांगायची. त्यातला 'युनियन' शब्द मला कळायचा. मग तो माणूस माझा हात हातात घेऊन हलवायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

खात्याच्या मधोमध एकच माग ठेवलेला होता. शंभर वर्षांपूर्वीचा, बिडाचा, आमच्याकडच्या जुन्या विलायती मागांचा सख्खा भाऊ. कित्येक वर्षं चालला नव्हता. सप्टेंबरच्या कामगार दिनाला तो चालवून दाखवायचा असं म्युझियमवाल्यांच्या मनात होतं, आणि सुनेनं मला न विचारता सांगून टाकलं होतं, की माझे सासरे चालवतील आणि दोन शब्द बोलतीलही.

मागाच्या कामाला माझ्या जोडीला एक म्हातारा होता. काळा, उंच, माझ्याच वयाचा, पँटला खांद्यावरून पट्टे लावणारा. तोही सुनेसारखाच फुकट काम करणारा. सुनेनं मला सांगितलं होतं, की हा आणि याचा बाप दोघंही याच गिरणीत होते. पण बाहेर, अंगणात. कापसाच्या गाठी फोडायच्या आणि दारापर्यंत ढकलायच्या. आतल्या खात्यांत काळ्यांना घेत नसत. पुढे कायदा बदलला, तोवर हा रेल्वेत निघून गेला होता. तो मला 'बॉस' म्हणायचा.

"त्याला सांग," मी सुनेला म्हणालो, "बॉस मालकाला म्हणतात. मी कामगार आहे."

तिनं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "येस, बॉस."

आमचं बोलणं हातांनीच चालायचं. मी बोट दाखवायचो, तो पान्हा द्यायचा. जून गेला, जुलै गेला. गंज घासला, चामडी पट्टे बदलले, धोट्याला ठोकर मारणारा लाकडी दांडा नवा तासून बसवला. कामात तो माझ्यापेक्षा सावकाश, पण हात पक्का. मधेच तो थांबायचा आणि तळवा मागाच्या चौकटीवर ठेवून उभा राहायचा. गायीच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्याच्याबद्दल एकच गोष्ट मला खटकायची. तो त्या फोटोकडे कधी बघायचा नाही. जिन्यावरून येताना पलीकडच्या कठड्याला धरून, मान वळवून यायचा. मी राम राम करत असलो की दूर थांबायचा. मला वाटलं, हा मालकाच्या बाजूचा असणार. प्रत्येक गिरणीत असे असतात. आपले लोक बाहेर उभे असताना मागच्या दारानं आत जाणारे. हे मनात धरून मी महिनाभर त्याच्याशी काम केलं आणि एक दिवस मला राहवलं नाही.

"विचार त्याला," मी सुनेला म्हणालो, "संप फोडला होता का कधी? म्हणून तोंड चुकवतो का आमच्या माणसांना?"

"बाबा, असं नाही विचारत कुणाला इथे. मॅनर्स असतात काही."

"विचार म्हणतो ना!"

तिनं विचारलं. चाचरत, शब्द मऊ करून विचारलं असणार, तरी त्याला कळलं. तो रागावला नाही. तेलाचे हात पुसत माझ्याकडे बघून हसला आणि तिला दोनच वाक्यं म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, बॉसना फोटोखालची पाटी वाचून दाखव."

आम्ही जिन्याजवळ गेलो. तो आला नाही. सून पाटी इंग्रजीत मनात वाचत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. मला वाटलं, गोळीबार झाला असेल.

"बाबा, हा संप पगारासाठी नव्हता."

"मग कशासाठी?"

"मालकानं काही काळ्या बायकांना आत, सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला घेतलं. गोऱ्या बायकांच्या शेजारी. त्याच सकाळी सगळे गोरे कामगार काम टाकून बाहेर आले. युनियननं पाठिंबा दिला." तिनं पुढची ओळ वाचली. "मालक घाबरला. त्या बायकांना काढून टाकलं. मग सगळे आत गेले. हा फोटो त्या दिवशीचा आहे. जिंकल्यावरचा."

मी फोटोकडे बघत राहिलो. तेच हात, त्याच हनुवट्या. खिडकीतलं ऊन सरकत सरकत काचेवर आलं, आणि त्या माणसांच्या जागी मला माझंच तोंड दिसायला लागलं. नदीचा आवाज पायांखाली होता. मी बाकावर येऊन बसलो. पण त्या दिवशी डोळे मिटल्यावर माग सुरू झाले नाहीत. उलट एकेक बंद पडत गेला.

कारण आमच्या खात्याचा आवाजही मी एकदा बंद पाडला होता.

ते सांगायचं तर आधी धोट्याचं सांगायला हवं. धोटा म्हणजे लाकडाची लहानशी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी असते. आडवं सूत घेऊन तो इकडून तिकडे धावतो, म्हणून कापड होतं. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या भोकातून बाहेर काढायचं. जुन्या मागांवर ते तोंडानं काढत. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, सूत जिभेवर येतं. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नाही. विणकरांचे पुढचे दात त्यानंच जायचे, छातीत तूस बसायचं. हीच रीत या गिरणीतही होती. इथल्या पाटीवर लिहिलंय, की कामगार त्याला धोट्याचा मुका म्हणत. सुनेनं हे मला कसंबसं, दुसरीकडे बघत सांगितलं होतं.

एका धोट्याला अनेकांचं तोंड लागतं. पाळी बदलली की दुसऱ्याचं. म्हणून आमच्या खात्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस घ्यायचा नाही, असा नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता. त्या वस्तीतली माणसं झाडलोटीला, रद्दी सूत वेचायला.

त्यांच्यातला एक जण सुट्टीत आमच्या दारात उभा राहून माग बघत असायचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल. बघून बघून शिकला होता. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी पाणी प्यायला गेलो आणि परत आलो तर माझ्या मागाची कांडी संपलेली, माग थांबलेला, आणि तो मागापाशी. त्यानं नवी कांडी घातली होती, तोंडानं सूत काढलं होतं. मला बघून त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं धोटा पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला.

"लई दिवस बघतोय, दादा. जमलंय का, बघा."

जमलं होतं. मला तेव्हाही दिसत होतं. पण मी हात पुढे केला नाही. तो हात लांब करून उभा राहिला आणि मी माझा दुसरा मागही बंद केला. शेजाऱ्यानं ते बघितलं, त्यानं त्याचा केला. मग रांग. मग पलीकडची रांग. काही मिनिटांत खातं गप्प झालं. दिवसाढवळ्या, पाळी चालू असताना. तशी शांतता मी आयुष्यात पुन्हा ऐकली नव्हती, ती थेट या अमेरिकेतल्या गिरणीत ऐकली.

मॅनेजर धावत आला. मी प्रतिनिधी, मीच बोललो. स्वच्छतेचा प्रश्न आहे म्हणालो. त्या माणसाला रद्दीच्या शेडमध्ये परत पाठवलं, माग सुरू झाले. संध्याकाळी सगळ्यांनी मला चहा पाजला. एकजूट म्हणाले. तो काही दिवसांनी दिसेनासा झाला. मी चौकशी केली नाही.

लाठीची गोष्ट मी घरात शंभर वेळा सांगितली असेल. ही एकदाही नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी म्युझियममध्ये गेलो नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. सुनेला वाटलं, पाटी वाचल्यामुळे मी त्या फोटोतल्यांवर रागावलोय.

"सोडा ना, बाबा. तेव्हाचे लोक तसे होते. तुम्ही तसे नाही ना. म्हणूनच तर तुम्ही बोलायला पाहिजे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, रिअल युनियन मॅन येणार आहे."

"मी बोलणार नाही."

"कॅन्सल करू का मग? अंकल एकटेच बसलेत मागापाशी. त्यांना विणता येत नाही. तुम्ही शिकवणार होतात."

तिच्या डोळ्यांत मी जो माणूस होतो, तो मला हवा होता. म्हातारपणी माणसाजवळ दुसरं असतं काय? खांदा दुखवून घेतलेला एक शूर माणूस, एवढीच माझी कमाई होती, आणि ती तिच्याजवळ ठेवलेली होती. तोंड उघडलं तर ती जाणार. दोन दिवस मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. समोरच्या गवताला कुणीतरी यंत्रानं पाणी देत होतं. पाण्याचा पंखा या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि परत यायचा. मला त्यात धोटाच दिसत होता. शेवटी सुनेला म्हणालो, "चल." मग कामगार दिनापर्यंत मी त्याला मोटर न लावताच सगळं हातानं दाखवत राहिलो, कांडी कशी घालायची, तोंडानं सूत कसं ओढायचं.

कामगार दिनाला गिरणीत माणसं जमली होती. लहान पोरं, म्हाताऱ्या बायका, त्यातल्या काही पूर्वी इथेच काम केलेल्या. खिडक्यांतून ऊन आत येऊन जमिनीवर चौकोनी पडलं होतं. माझा जोडीदार पांढरा सदरा घालून आला होता. मी मोटर सुरू केली, दांडा ओढला, आणि माग चालला. कानठळ्या बसवणारा तो आवाज! पोरांनी कान झाकले. मी नाही झाकले. भिंती, जमीन, नदी, सगळं त्या ठोक्यावर हलतंय असं वाटलं, आणि क्षणभर मला कळेना की मी कुठल्या गावी उभा आहे.

वीतभर कापड झाल्यावर मी बाजूला झालो आणि त्याला जागा दिली. तो उभा राहिला. ज्या दारापर्यंत गाठी ढकलायच्या, त्या दाराच्या आत. त्याचे हात सावकाश चालले, पण चुकले नाहीत. चार बोटं कापड झालं, तोच कांडी संपली. माग थांबला.

त्यानं मी शिकवल्याप्रमाणे नवी कांडी घातली. धोटा तोंडाशी नेला, श्वास ओढला, खोकला, पुन्हा ओढला. सूत आलं. मग त्यानं खिशातून स्वच्छ घडीचा रुमाल काढला, धोटा पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि माझ्यापुढे धरला. बरोबर झालंय का, हे मी बघावं म्हणून.

त्याला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

पुसल्यामुळे सुताचं टोक पुन्हा आत गेलं होतं. जायचंच. मी धोटा हातात घेतला. भोकाला ओठ लावले आणि श्वास ओढला. लाकूड, तेल, आणि तो चघळायचा त्या पुदिन्याच्या गोळीची चव. सूत जिभेवर आलं.

"त्याला सांग," मी सुनेला म्हणालो, "पुसायचं नसतं. पुसलं की सूत आत जातं."

मी धोटा तसाच, न पुसता, त्याच्या हातात दिला. तो धोट्याकडे बघत राहिला.

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या झाल्या. सून मला पुढे ढकलत होती. "बोला ना, बाबा, दोन शब्द. मी ट्रान्सलेट करते."

मी जिन्याकडे बोट केलं. "सांग, त्या फोटोत मी आहे."

"म्हणजे?"

"सांग."

मग मी सगळं सांगितलं. उन्हाळा, पंचा, दोन हातांवरचा धोटा, बंद पडलेले माग, चहा. एकेक वाक्य बोलून थांबत होतो. आधी ती इंग्रजीत पटपट सांगत होती. पुढे तिचा आवाज बारीक झाला. एका ठिकाणी ती थांबलीच आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तसं तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता बोलणार नाही. पण पुढचं वाक्य तिनं सांगितलं आणि शेवटपर्यंत सांगत गेली. कुणी टाळी वाजवली नाही. समोरची एक म्हातारी गोरी बाई खाली मान घालून बसली होती.

माझा जोडीदार काहीतरी म्हणाला. सुनेनं ते मला सांगितलं नाही. तो पुन्हा मागाकडे वळला, धोटा बसवला, दांडा ओढला, आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

परतताना गाडी ती चालवत होती. दोन्ही बाजूंना वेली चढून झाडं बुजून गेली होती. हिरवे डोंगर झोपल्यासारखे दिसत होते.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाले, आय हर्ड यू, बॉस. ऐकलं मी. आता माग थांबवू नका."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि त्या माणसाचं नाव काय होतं, बाबा? सोलापूरच्या?"

मी नाव सांगितलं. इतकी वर्षं ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हटलं. मग विचारलं, गुरुवारी येणार का.

"येणार," मी म्हणालो. "त्याच्या कापडाची कड सरळ येत नाही अजून. सूत ढिलं सोडतो तो."